लेझर घ्यायचं की खांदा रगडून घ्यायचा?

‘ताई, आम्ही रावेर तालुक्यातले. घरची तीन एकर केळी आहे, आणि आमचे मालक कटाईच्या टोळीबरोबरही जातात. वय 47. उजव्या खांद्यावर घड घेऊन गाडीपर्यंत आणायचा, हेच काम वीस वर्षं. तीन महिन्यांपासून त्यांची मान आणि खांदा धरलाय. सदरा घालायला हात वर जात नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. गावातले एक काका गरम तेल लावून रगडतात. दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. मागच्या वेळी तर काळेनिळे डाग पडले. तालुक्याच्या फिजिओथेरपी डॉक्टर म्हणतात, कोल्ड लेझर देऊ आणि सोबत हातानं स्नायू मोकळे करू, दहा वेळा यावं लागेल, पैसे आधी भरा. जाऊबाई म्हणतात लेझरनं कॅन्सर होतो. दीर म्हणतो ऑनलाइन मशीन मिळतं, घरीच करू. दोन्ही उपचार एकत्र चालतात का? आधी कोणता करायचा? काकांकडे जाणं बंद करायचं का? मालकांना सहा वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या कधी घेतात, कधी नाही.’

ताई, शुगरचं तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय. मी तिथूनच सुरुवात करते. मधुमेह असलेल्या माणसाचा खांदा गोठण्याची, म्हणजे फ्रोझन शोल्डरची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते. ती सुजते, जाड होते आणि आवळत जाते. आधी दुखणं वाढतं, रात्री तर जीव नकोसा होतो, आणि मग हात हळूहळू अडकत जातो. चाळिशी ते साठीच्या वयात हे जास्त दिसतं. मालकांचं वय, रात्रीचं दुखणं, सदऱ्यात न जाणारा हात आणि शुगर हे सगळं एकत्र वाचल्यावर माझ्या मनात पहिली शंका तीच आली. वीस वर्षं घड वाहून मानेचे आणि खांद्याचे स्नायू आखडले असणार यात शंका नाही. पण दुखणं फक्त स्नायूंचंच आहे असं धरून उपचार सुरू करू नका, कारण लेझर कुठे द्यायचं आणि हात किती जोरानं चालवायचा हे त्यावरच ठरतं.

घरी एक गोष्ट पाहता येईल. मालकांना उताणं झोपवा. उजवं कोपर कमरेला टेकलेलं आणि काटकोनात वाकलेलं ठेवा. आता त्यांनी हात सैल सोडायचा आणि तुम्ही त्यांचं मनगट धरून हात हळूच बाहेरच्या बाजूला न्यायचा. डाव्या हाताचंही असंच करून पाहा. डावा सहज बाहेर जातो आणि उजवा थोडा जाऊन भिंतीला टेकल्यासारखा थांबतो, असं असेल तर सांध्याची पिशवी आवळली असण्याची शक्यता मोठी. याउलट तुम्ही हात उचलला तर वर जातो, पण त्यांना स्वतःला तो उचलता येत नाही किंवा वर धरून ठेवता येत नाही, तर खांद्याची शीर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा टेंडन, फाटला आहे का हे बघावं लागेल. दोन्हींत उपचाराची दिशा वेगळी असते. दुखायला लागलं की थांबा, जोर लावू नका. यावरून निदान करायचं नाही, डॉक्टरांना नीट सांगता यावं एवढ्यासाठीच हे बघायचं.

हाडांच्या डॉक्टरांना एकदा दाखवा आणि खांद्याचा एक्स-रे काढून घ्या. खासगीत परवडत नसेल तर जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अस्थिरोग विभाग आहे. हातात मुंग्या येत असतील, मुठीतली पकड सैल झाली असेल, ताप येत असेल, विनाकारण वजन उतरत असेल, तर लेझर आणि मालिश दोन्ही बाजूला ठेवून आधी डॉक्टर. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखून ते खांद्यापर्यंत जात असेल तर तेही सांगा. पित्ताशयाचं दुखणं उजव्या खांद्यात जाणवतं, आणि तिथे कितीही रगडलं तरी काही होणार नाही.

आता जाऊबाईंच्या भीतीबद्दल. ही भीती आजची नाही. पहिलं लेझर 1960 मध्ये तयार झालं, आणि पुढच्या काही वर्षांतच हंगेरीतल्या बुडापेस्टच्या एंद्रे मेस्टर या डॉक्टरांना नेमका हाच प्रश्न पडला, की या किरणांनी कॅन्सर होतो का? 1967 च्या सुमारास त्यांनी उंदरांच्या पाठीवरचे केस काढून तिथे कमी ताकदीचं लेझर दिलं. कॅन्सर तर झाला नाहीच, उलट लेझर दिलेल्या उंदरांचे केस लवकर उगवले. आज फिजिओथेरपीत वापरतात त्या लेझरची सुरुवात तिथून झाली. हा प्रकाश लाल किंवा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड असतो, एक्स-रेसारखा नसतो. त्यानं पेशींतली गुणसूत्रं तुटत नाहीत. मात्र ज्या ठिकाणी आधीच कॅन्सरची गाठ आहे तिथे हे लेझर देत नाहीत. गरोदर बाईच्या पोटावर, गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीवर, रक्तस्राव चालू असलेल्या जागेवर देत नाहीत, आणि डोळ्यांवर तर कधीच नाही. उपचार चालू असताना रुग्णानं आणि डॉक्टरांनी, दोघांनीही त्या लेझरसाठीचा खास चष्मा लावायचा असतो. उन्हाचा गॉगल चालत नाही. चष्मा न देता कोणी लेझर सुरू करत असेल तर तिथून उठून या.

‘कोल्ड’ म्हणायचं कारण इतकंच की यानं अंग तापत नाही. पेशींमधल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागात, मायटोकाँड्रियात, साइटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एक प्रथिन असतं. ते हा प्रकाश शोषतं, आणि त्या पेशीत ऊर्जेचं काम वाढतं. सूज कमी व्हायला आणि दुखण्याचे संदेश मंदावायला त्याची मदत होते. हे सगळं थोड्या खोलीपर्यंतच होतं, कारण बराचसा प्रकाश कातडीत आणि तिच्या लगेच खालीच शोषला जातो. म्हणून मानेच्या वरच्या स्नायूंवर, खांद्याच्या टेंडनवर लेझर पोहोचवणं त्यामानानं सोपं असतं. खांद्याच्या पिशवीपर्यंत पोहोचवायचं तर जागा अचूक हवी आणि मात्राही.

मात्रेवर मला थोडं जास्त बोलायचंय, कारण बहुतेक पैसे वाया जातात ते इथेच. लेझरची ताकद मिलिवॅटमध्ये मोजतात आणि दिलेली मात्रा ज्यूलमध्ये. 100 मिलिवॅटचं लेझर एका बिंदूवर 10 सेकंद धरलं की 1 ज्यूल होतो. 40 सेकंद धरलं तर 4. जेमतेम 5 मिलिवॅटचं उपकरण असेल तर त्याच 1 ज्यूलसाठी 200 सेकंद धरावं लागेल, तेही एकाच बिंदूवर. तुमच्या दिराला जे ऑनलाइन दिसतंय ते असंच कमी ताकदीचं असू शकतं. आणि जास्त ताकदीचं असेल तर शिकलेल्या माणसाशिवाय घरात, त्यातून लहान मुलांच्या घरात, ते नकोच, डोळ्यांना धोका आहे. जास्त मात्रा म्हणजे जास्त फायदा असंही नसतं. केळीला खत कमी पडलं तर घड भरत नाही, पण दुप्पट टाकलं तर दुप्पट भरत नाही, मुळं जळतात. लेझरचंही तसंच आहे. ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की परिणाम उलट घटतो. म्हणून डॉक्टरांना नम्रपणे विचारा, तुमचं मशीन किती मिलिवॅटचं, किती नॅनोमीटरचं, म्हणजे त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी किती, आणि एका जागी किती ज्यूल देणार? ज्यांना काम येतं त्यांना या प्रश्नाचा राग येत नाही.

आणखी एक विचारा, लेझर क्लास 3बी आहे की क्लास 4? क्लास 3बी म्हणजे 500 मिलिवॅटपर्यंतचं. त्यापुढचं क्लास 4, आणि त्यानं कातडी तापते. त्यालाही काही ठिकाणी सरसकट ‘लेझर’च म्हणतात. सावळ्या कातडीत रंगद्रव्य जास्त असल्यामुळे प्रकाश वरच जास्त शोषला जातो, ती लवकर तापते. आणि बऱ्याच वर्षांच्या शुगरनं संवेदना कमी झाली असेल तर भाजल्याचं मालकांना वेळेवर कळणारही नाही. म्हणून क्लास 4 असेल तर ते सतत फिरवतं ठेवावं लागतं, एका जागी धरायचं नाही. हीच काळजी घरच्या गरम पाण्याच्या पिशवीचीही घ्या.

याचा फायदा खरंच होतो का? मानेच्या दुखण्याबाबत 2009 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये 16 चाचण्यांचा एकत्र आढावा छापून आला होता. जुन्या मानदुखीत लेझरनं मिळालेला आराम उपचार संपल्यावर 22 आठवड्यांपर्यंत टिकलेला दिसला. जुन्या कंबरदुखीसाठी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं 2017 मध्ये औषधाविना करायच्या उपचारांची यादी दिली, तिच्यात लेझर आहे, पण त्यामागचा पुरावा कमकुवत आहे असंही त्यांनी तिथेच नोंदवलंय. व्यायामाला मात्र त्याच यादीत अधिक भक्कम आधार आहे. लेझर आणि हातानं केलेले उपचार एकत्र केले तर काय होतं, यावरचे अभ्यास थोडे आणि छोटे आहेत. म्हणून ‘दोन्ही केलं की दुप्पट गुण’ असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. तरीही मी दोन्ही एकत्र करण्याच्या बाजूची आहे.

त्याचं कारण असं. दुखऱ्या खांद्याला हात लावला की माणूस नकळत अंग चोरतो. स्नायू ताठ करतो. त्या ताठ स्नायूवर मग जितका जोर लावाल तितका तो विरोध करतो, आणि बाहेर काळेनिळे डाग उमटतात. काकांकडे हेच झालंय. आधी काही मिनिटं लेझर दिलं, दुखणं थोडं निवलं, की त्याच जागी हात कमी जोरानं आणि जास्त खोल काम करू शकतो. हातानं स्नायू सैल झाला की सांधा थोडा जास्त हलतो. आणि तो हलतोय तोवर लगेच, त्याच बैठकीत, मालकांनी स्वतः हात हलवायचा असतो. माझ्या दृष्टीनं लेझर आणि हात या दोघांचं खरं काम या शेवटच्या पायरीसाठी वाट करून देणं हेच आहे. लेझर घेतलं, अंग मोकळं करून घेतलं आणि घरी येऊन हात गळ्याशी धरून बसले, तर दहा काय, वीस बैठका करूनही खांदा तिथेच राहील.

म्हणजे तुमच्या ‘आधी काय’चं उत्तर झालं. लेझर, मग हात, मग हालचाल. काही फिजिओथेरपिस्ट हातानं काम केल्यानंतर ठणका राहू नये म्हणून शेवटी लेझर देतात, तेही चुकीचं नाही. पण मालकांचं दुखणं रात्रीची झोप मोडण्याइतकं आहे, तोवर मी आधीच देईन. एक लक्षात ठेवा, लेझर घ्यायला जाताना अंगाला तेल लावून जायचं नाही. कातडी स्वच्छ आणि कोरडी हवी. लेझरचं टोक कातडीला टेकवून, किंचित दाबून धरतात. त्यामुळे प्रकाश परतून वाया जात नाही. दुखण्यावर लावायचा बाम, मलमही त्या दिवशी आधी लावू नका. मालक डॉक्सिसायक्लिनसारखी उन्हाचा त्रास वाढवणारी गोळी घेत असतील तर ती दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही दाखवा, कारण मग हाताचा जोर फार कमी ठेवावा लागतो.

हातानं काम म्हणजे नेमकं काय, हेही सांगते. डॉक्टरांनी मायोफॅशियल रिलीज म्हटलं असेल, तर त्यात तेल जवळजवळ नसतंच. कातडीखालचं आवरण धरून हळू ताण देतात आणि तो सैल होईपर्यंत थांबतात. मान आणि खांद्यामधल्या स्नायूत, खवाट्याच्या आतल्या कडेला, छातीच्या वरच्या भागात दुखऱ्या गाठी सापडतात, त्यांवर बोट स्थिर ठेवून दाब देतात. घड वाहणाऱ्या माणसाची मान एका बाजूला कललेली असते आणि तो खांदा वर चढलेला असतो. त्यामुळे नुसतं दुखतंय तिथेच काम करून भागत नाही, छातीकडचे आखडलेले स्नायूही मोकळे करावे लागतात. दाब सोसवेल इतकाच हवा. दहापैकी पाच-सहा इतकं दुखलं तर चालेल, श्वास रोखावा लागला तर जास्त झालं. दुसऱ्या दिवशी थोडं अंग दुखेल, ते चालतं. डाग पडणं, सूज येणं, रात्रीचं दुखणं वाढणं हे चालत नाही. खांदा खरंच गोठण्याच्या पहिल्या, जास्त दुखण्याच्या टप्प्यात असेल तर जोरानं ताणल्यानं तो अधिक चिडतो, हे डॉक्टरांना आणि काकांना, दोघांनाही सांगा.

काकांकडे जाणं बंद करा असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे उसण भरली, चमक निघाली की अशाच हातांनी आराम दिलाय, आणि त्यांच्या बोटांना जे कळतं ते अनेक पदव्यांना कळत नाही. निदान होईपर्यंत मात्र थांबा. नंतर ते गेले तरी काही गोष्टी काकांना हात जोडून सांगा. मानेला झटका देऊन कडकड आवाज काढायचा नाही. मानेच्या पुढच्या आणि बाजूच्या भागात दाबायचं नाही, तिथून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या जातात. ‘खांदा उतरलाय’ म्हणून हात खेचायचा नाही. तेल कोमट ठेवायचं. आणि क्लिनिकमध्ये काम झालं की पुढचे दोन दिवस त्या खांद्याला हात लावायचा नाही. एकाच स्नायूवर दोघांनी पाठोपाठ काम केलं तर कशानं बरं वाटलं आणि कशानं बिघडलं, हेच कळत नाही.

घरी करायचं ते साधं आहे. डावा हात ओट्यावर टेकवून पुढे वाकायचं, उजवा हात लोंबता सोडून हळू गोल फिरवायचा. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी वर चढत जायचं, कालपेक्षा थोडं वर. कोपरं कमरेशी ठेवून दोन्ही हातांत काठी धरायची आणि डाव्या हातानं उजव्याला बाहेर ढकलायचं. दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं. रात्री उताणं झोपताना उजव्या दंडाखाली आणि कोपराखाली घडी घातलेली गोधडी ठेवली की खांदा मागे पडत नाही, झोप जरा बरी लागते.

पैशांचं म्हणाल तर दहा बैठकांचे आधी भरू नका. चार बैठकांचे भरा, आठवड्याला दोन-तीन या हिशेबानं. पहिल्या दिवशी डॉक्टरांना हात किती वर आणि किती बाहेर जातो हे मोजून लिहून द्यायला सांगा. भिंतीवर बोटं कुठवर पोहोचली तिथे तुम्हीही पेन्सिलनं खूण करा. चौथ्या बैठकीनंतर पुन्हा मोजा. फरक असेल तर पुढे चला. नसेल तर हाडांच्या डॉक्टरांना सांध्यात द्यायच्या स्टेरॉइड इंजेक्शनबद्दल विचारा. गोठलेल्या खांद्यात सुरुवातीला त्याचा चांगला उपयोग होतो, पण शुगर काही दिवस वाढते, म्हणून आधी शुगर आटोक्यात हवी. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए1सी तपासणी याच आठवड्यात करून घ्या आणि गोळ्या रोजच्या रोज तुमच्या हातानं द्या. गोठलेला खांदा पूर्ण सुटायला वर्ष ते तीन वर्षंही लागतात, शुगर वाढलेली असेल तर जास्तच. हे मालकांना आजच सांगा, म्हणजे महिन्याभरात गुण नाही म्हणून सगळं सोडून देणार नाहीत.

राहिलं कटाईचं. 20-25 किलोचा घड उजव्या खांद्यावर घ्यायचं काम निदान दोन-तीन महिने पूर्ण बंद ठेवावं लागेल, यात मी सूट देऊ शकत नाही. सगळा भार डाव्यावर घेतला तर वर्षभरात त्याचंही पत्र तुम्ही मला लिहाल. टोळीत त्यांना घड कापायचं कामही नको, त्यात हात वर न्यावा लागतो. फण्या धुणं, मोजणी, गाडीचा हिशेब असं काही मिळतं का बघा. मुकादमाशी पुढच्या कटाईच्या आधी तुम्ही स्वतः बोला. मालक संकोचानं बोलणार नाहीत, आणि पहिल्याच दिवशी कुणीतरी हाक मारली की घड खांद्यावर घेतील.